उद्या पानी येनार नाही

सोसायटीच्या कमिटीत मला घेतलं, कारण दुसरं कुणी उभं राहायला तयार नव्हतं. माझ्याकडे पाणी-खातं आलं. गुरुवारी महापालिका दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवणार होती, ते बुधवारी संध्याकाळी ग्रुपवर कळवायचं होतं. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या, म्हणून टाइप करत न बसता मी बोलून टाकलं, "नमस्कार मंडळी, उद्या दिवसभर पानी येनार नाही. आजच भरून ठिवा."

भाजी फ्रिजमध्ये जायच्या आत बी विंगमधल्या काकांचा व्हॉइस मेसेज आला. "नमस्कार. पानी नव्हे, पाऽणी. येनार नव्हे, येणाऽर. जीभ मागे वळवून टाळूला लावायची. मराठी टिकवण्याची जबाबदारी आपलीच आहे. धन्यवाद."

त्याखाली टाळ्या आणि जोडलेले हात. "काका, रोज एक शब्द पाठवत जा ना." "हल्ली इतकं शुद्ध ऐकायलाच मिळत नाही." एकाने संध्याकाळी सात वाजता गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात पाठवलं. पाणी मात्र एकानेही भरलं नाही. गुरुवारी सकाळी नऊला टाकी खडखडीत झाली आणि टाळ्या वाजवणारी हीच मंडळी ग्रुपवर विचारू लागली, "पाणी का नाही? कमिटी झोपली आहे का?" सगळ्यांनी ण व्यवस्थित लिहिला होता.

टँकर मागवला. तो गेटवर येऊन उभा राहिला आणि काका खाली उतरले. वर इस्त्रीचा सदरा, खाली बर्म्युडा, हातात रिकामी बादली. बादली कशाला, असं मी विचारलं नाही.

"काय लातूरकर!" माझं आडनाव लातूरकर नाही. मी लातूरचा आहे, एवढंच. पण काकांनी माझं नाव कधी विचारलेलं नाही. "राग नाही ना आला? तुमच्या भल्यासाठीच सांगितलं."

"नाही नाही, राग कसला."

"मग म्हणा बघू, बाण."

मी आजूबाजूला पाहिलं. वॉचमन, इस्त्रीवाला, कामाला आलेल्या दोघी मावशी, सगळे टँकर सोडून आमच्याकडे बघत होते. "काका, तो पाइप जरा—"

"पाइप होईल. बाण."

"बान."

"हं. खाण?"

"खान."

"अहो, खाण वेगळी आणि खान वेगळा! उद्या कुठे कोळशाचा खान म्हणालात तर दंगल होईल. जीभ वळवा. अशी." आणि काकांनी तोंड उघडलं. सकाळच्या उन्हात मला त्यांची संपूर्ण जीभ खालच्या बाजूने दिसली. जीभ वर गेली तशी कवळी खाली आली. मग कवळीही जिभेने वर ढकलून, डोळे मिटून, त्यांनी एक ण काढला. तो खरोखर चांगला होता. इस्त्रीवाल्याने मान डोलावली.

"सराव लागतो. आमच्याकडे स्वयंपाकाला बाई आहेत ना, त्यांनासुद्धा मी सुधारलं. पहिल्यांदा लोनी म्हणायच्या, आता स्वच्छ लोणी म्हणतात."

त्या बाई म्हणजे समोर उभ्या असलेल्या दोघींपैकीच एक निघाल्या. "पगार वाढवा म्हनलं तवा न्हाई ऐकू येत," त्या शेजारणीला म्हणाल्या. काकांना खरोखरच ऐकू आलं नाही.

एवढ्यात टँकरचा ड्रायव्हर पाइप ओढत आला. "ओ काका, सरका तिकडं, पान्याचा पाइप हाय."

मी सरसावून उभा राहिलो. म्हटलं, आता याला बाण म्हणायला लावणार. काका एक पाऊल मागे सरकले, बादली पुढे धरली आणि म्हणाले, "हां हां भाऊ. पानी किती वेळात व्हईल?"

व्हईल! ज्या माणसाने बाजारातल्या भेंडीवालीचंही व्याकरण तपासलं, तो टँकरच्या व्हॉल्व्हसमोर व्हईल म्हणाला. ड्रायव्हर म्हणाला अर्धा तास, तर काका "बरं बरं, सावकास" असंही म्हणाले. सावकाश नव्हे, सावकास. माझ्या हातात व्हॉल्व्ह असता तर माझंही मराठी सुधारायची गरज पडली नसती.

हे एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. पण तेवढ्यात काकांची नात जिना उतरून आली. गळ्यात टाय, पाठीवर दप्तर. "आजोबा, पानी आला का? मला हँड वॉश करायचा आहे."

पानी. आणि तोही आला.

काकांचा चेहरा असा काही फुलला की विचारू नका. "आला गं माझी सोनुली, आला!" मग माझ्याकडे वळून, मला विश्वासात घेऊन म्हणाले, "इंग्लिश मीडियम ना. ण तर नाहीच, ळ पण येत नाही तिला. फळ्याला फला म्हणते. इतकं गोड वाटतं ऐकायला!"

त्या पोरीवर माझा काडीचा राग नाही. तिने बिचारीने हात धुवायला पाणी मागितलं. पण तेव्हापासून डोक्यात एकच गोष्ट फिरते आहे. तिच्या तोंडून निघालेलं पानी लाखभर रुपये फी भरून आलेलं आहे, म्हणून ते गोड. माझं जिल्हा परिषदेच्या शाळेतून फुकटात आलेलं, म्हणून त्याच्यावर उपचार. आणि ड्रायव्हरचं पानी दहा हजार लिटर असल्यामुळे त्याच्यावर चर्चाच नाही.

लिहिताना माझे सगळे ण जागच्या जागी पडतात, हे वर दिसतंच आहे. हाताला येतो, जिभेला येत नाही. तोही पुण्यात इतकी वर्षं राहून ऑफिसात येऊ लागला होता, पण घरी फोन लावला की जातो. आईने "काय करायलाव?" विचारलं आणि मी "काही नाही, जेवतो आहे" असं उत्तर दिलं, तर ती विचारेल, जवळ कोण बसलंय?

बरं, शास्त्र म्हणावं तर तेही काकांच्या बाजूचं नाही. पाणी आलं ते संस्कृतातल्या पानीयावरून, आणि त्यात दंत्य न आहे. म्हणजे देववाणीला जवळचा मी. वाटेत प्राकृताने त्याचा ण केला. वररुचीच्या प्राकृत व्याकरणात सूत्रच आहे, नो णः सर्वत्र. म्हणजे न दिसला की ण करा, कुठेही असो. नगराचं णअर, नयनाचं णअण. जैनांच्या घरी आजही णमो अरिहंताणं म्हणतात. त्या काळातली महाराष्ट्री, म्हणजे मराठी जिच्यातून आली ती प्राकृत, शुद्ध धरायची, तर काकांचा "नमस्कार"च अशुद्ध. आणि 3 ऑक्टोबर 2024 ला केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला, त्यात मोठा आधार याच महाराष्ट्री प्राकृताचा होता. त्या दिवशी काकांनी सोसायटीत पेढे वाटले होते. मी दोन खाल्ले. तेव्हा हे सूत्र आठवलं असतं तर काकांना णातवंडं म्हणायला लावलं असतं. अशा गोष्टी मला नेहमी टँकर गेल्यावर आठवतात.

पुस्तकी मराठीची घडी बसली इंग्रजी अमदानीत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 सालचा, त्याची दुसरी आवृत्ती 1857 ची. शाळेच्या पुस्तकांची भाषा तपासायला पुण्यात मेजर कँडी नावाचा गोरा साहेब. मराठीत विरामचिन्हं रुजवण्याचं श्रेयही त्यालाच देतात. म्हणजे काका "धन्यवाद" च्या आधी जो भारदस्त पूर्णविराम घेतात, तो मूळचा साहेबाचा. साहेबाच्या हाताखाली शास्त्री-पंडित होते, त्यांना त्यांच्या घरात बोलतात तीच भाषा नीट वाटली, आणि यात त्यांचं काही चुकलं असंही मी म्हणत नाही. कुणाची तरी भाषा घ्यावीच लागते. फक्त ज्यांच्या घरातली घेतली गेली, त्यांच्या नातवंडांना ती आपोआप येते, आणि आमच्या नातवंडांना ती टँकरजवळ उभं करून शिकवली जाते.

आणि शिकवायचा शब्द कोणता, तर पाणी. लातूरच्या माणसाला! 2016 च्या एप्रिलात मिरजेहून आमच्या गावाला रेल्वेने पाणी आलं. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. घागरी घेऊन माणसं रात्र रात्र ताटकळली, हाणामाऱ्या होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती. त्या रांगेत कुणीही ण म्हटल्याचं मला आठवत नाही.

हसण्यावारी न्यायचं म्हटलं तर नेता येतं. पण पुण्यात पहिल्यांदा भाड्याने फ्लॅट शोधत होतो तेव्हा फोनवर माझं दुसरं वाक्य झालं की पलीकडून प्रश्न यायचा, "आपलं आडनाव?" आडनाव सांगितलं की "कळवतो". मग ऑफिसातल्या कर्वे रोडच्या मित्राने त्याच नंबरावर फोन केला की फ्लॅट रिकामा असायचा, हवेशीर असायचा, गॅलरीतून टेकडीही दिसायची. जातीच्या दाखल्यासाठी तहसीलला चपला झिजवाव्या लागतात. जिभेवर मात्र तो दाखला कायमचा, विनामूल्य, आणि फोनवरूनसुद्धा दिसतो.

माझी आई लातुरात अख्ख्या गल्लीचे तंटे सोडवते. पुण्यात आली की घुम्यासारखी बसते. एकदा दवाखान्यात तिने "पोटात दुखायलंय" म्हटलं आणि काउंटरवरच्या दोन मुली एकमेकींकडे बघून हसल्या. वाईट हेतूने नसतील हसल्या. पण तेव्हापासून आईला पुण्यात कधीही काही दुखत नाही.

काल पुन्हा काका लिफ्टमध्ये भेटले. एकदम खुशीत. सत्तावीस फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचा कार्यक्रम करायचा आहे, क्लबहाउसमध्ये.

"तुमचं नाव घातलंय हं, लातूरकर. ते तुमचं गावाकडचं बोलणं आहे ना, त्यातलं काहीतरी विनोदी करा. लोकांना फार आवडतं. म्या, तुमी, व्हय जी, असं. फेटा आम्ही देऊ."

आमच्याकडे व्हय जी कुणी म्हणत नाही. ती बोली मालिकांमधले गडी आणि मोलकरणी बोलतात. थोडी सातारची, थोडी कोल्हापूरची, उरलेली दिग्दर्शकाची. ती बोलणारं गाव महाराष्ट्राच्या नकाशात सापडायचं नाही. हे मी लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर येईपर्यंत सांगितलं. काका म्हणाले, "तेच तेच, तसंच काहीतरी."

"मानधन किती?"

काकांनी बटणावरचा हात काढला. "अहो, मातृभाषेसाठी मानधन?"

"निवेदनाला बाई बोलावताय, त्यांना पाच हजार देताय ना? कमिटीत मंजूर झालं तेव्हा मी होतो."

"त्या प्रोफेशनल आहेत. त्यांचे उच्चार ऐकलेत का तुम्ही?"

"मग माझे पण त्यांनाच करायला सांगा," मी म्हणालो आणि उतरलो. पत्रिका छापून झाली आहे म्हणे, त्यामुळे नाव काढता येत नाही. कमिटीच्या पुढच्या बैठकीत मी विषय लावला आहे. एक, मानधन. दोन, टँकरचं बिल बी विंगकडून वसूल करणे.