हसण्यासारखं काय आहे त्यात?

आज सकाळी ठाणे लोकलच्या लेडीज डब्यात दाराशेजारी तेच स्टिकर. मूळव्याध, भगंदर, एका भेटीत सुटका. शेजारच्या दोघींनी मोठ्याने वाचलं आणि दादरपर्यंत खिदळत राहिल्या. मी गप्प बसले, त्याचा राग अजून गेलेला नाही.

माझ्या दादाला भगंदर होतं, म्हणजे गुदद्वाराच्या आतून बाहेरच्या कातडीपर्यंत पडलेली नळी. आधी गळू, ते फुटलं, मग महिनोन्महिने पू. लाजेपायी घरात बोलला नाही. शेवटी एका नर्सिंग होमने 'छोटंसं ऑपरेशन, उद्या घरी' म्हणत, एमआरआय न करता, आतल्या तोंडापासून बाहेरच्या तोंडापर्यंत नळी चिरून उघडी केली. नळी गुदद्वाराभोवतीच्या स्नायूतून, बरीच वरून जात होती, त्यामुळे तिच्यासोबत तोही कापला गेला. जखम भरली, पण वायू आवरेना, पातळ झालं तर शौचही आवरेना. मला कळलं गेल्या पावसात, त्याच्या बॅगेत छत्री शोधताना. तळाशी पिशवीत घडी घातलेली पँट होती.

तो स्नायू म्हणजे स्फिंक्टर. शौच रोखून धरतो तो हाच. तो न कापताही भगंदरावर ऑपरेशन होतं, हे दादाला कुणी सांगितलंच नाही! बँकॉकच्या डॉ. रोजनसकुल यांनी २००७ मध्ये 'लिफ्ट' पद्धत मांडली. आतल्या आणि बाहेरच्या स्नायूंमधल्या फटीत शिरायचं, नळी तिथेच बांधून तोडायची, स्नायूला हात लावायचा नाही. आतल्या तोंडावर आतल्याच अस्तराचा पडदा ओढून शिवतात, तीही एक पद्धत आहे.

हो, यात भगंदर परत येण्याची शक्यता जास्त. आणि नळी खालच्या भागात, वरवर असेल तर चिरणंच बरं, हेही मान्य. क्षारसूत्रवाले, म्हणजे नळीत औषधी दोरा बांधायच्या आयुर्वेदिक उपचाराचे समर्थक, कमेंटमध्ये येतीलच. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या १९९१ च्या चाचणीत त्यानंतर भगंदर परत येण्याचं प्रमाण ऑपरेशनपेक्षा कमी दिसलं, बरं व्हायला वेळ जास्त लागला. पण तो दोराही हळूहळू कापतच जातो ना? परत आलेल्या भगंदरावर पुन्हा ऑपरेशन करता येतं. गेलेला ताबा मात्र पूर्ण परत आणणं फार कठीण. त्या पिशवीतल्या पँटवर कुठलं ऑपरेशन आहे, सांगा.

म्हणून सही करण्याआधी विचारा: नळी कुठून जाते? किती स्नायू कापणार? एमआरआय का नको? डॉक्टर चिडले तर दुसरे डॉक्टर गाठा.

त्या दोघींवरही आता तेवढा राग नाही. मीही कधीतरी त्या स्टिकरवर हसलेच असेन.

दादा आमच्या मंडळाच्या पथकात वीस वर्षं ढोल वाजवायचा. यंदा विसर्जनाला निघाला, कोपऱ्यापर्यंत आला आणि परत फिरला. मी हाक मारली नाही. बॅग त्याच्या खांद्यावरच होती.

कुणाला काही विचारायचं असेल तर इनबॉक्समध्ये लिहा. नाव माझ्यापाशीच राहील.