कशाला बोंबलतोयस ते तरी सांग!

तीन दिवस. भर डिसेंबरचे तीन दिवस मी देवबागला खाडीकाठी माझ्या पर्यटक बोटीच्या इंजिनाचं कव्हर काढून बसलोय. का? तर एक सुपारीएवढा बझर पीईईई करतो, आणि कशासाठी करतो ते त्याला विचारायची सोय नाही.

इंजिन जुनं, 40 हॉर्सपॉवरचं, टू-स्ट्रोक, ऑईल इंजेक्शनवालं, म्हणजे ऑईल वेगळ्या टाकीतून आपोआप घेणारं. तापलं तरी पीईईई. ऑईल संपत आलं तरी तोच पीईईई. अहो, आमच्या शेजारची म्हैससुद्धा भूक लागली की वेगळी ओरडते आणि वासरू दिसलं नाही की वेगळी! बरं, नुसतं ओरडून भागत नाही, सोबत आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, दोन हजारांवर आणून ठेवतो. इंजिन वाचावं म्हणून. आणि माणसं? ओहोटी लागलेली, कर्ली नदीच्या मुखाशी लाट फुटतेय, बोटीत आठ पर्यटक, आणि इंजिनाची बैलगाडी झालेली. त्यात मागून एक काकू, "अहो भाऊ, ती शिट्टी जरा बंद करा ना, बाळ झोपलंय."

काठाला आलो. ऑईलची टाकी गच्च भरलेली. इंजिन थंड करून बाहेर येणाऱ्या पाण्याची धार बाजूने मस्त पडत होती. हेडला, म्हणजे इंजिनाच्या डोक्याला, हात लावला तर खुशाल ठेवता येत होता. तिथेच अक्कल यायला हवी होती की हे तापलेलंच नाही. पण मेकॅनिक फोनवर, न बघता, "इम्पेलर गेला असणार, बदलून टाका."

इम्पेलर म्हणजे इंजिनाला थंड पाणी पुरवणारं रबरी पात्यांचं चक्र, खालच्या गिअरच्या भागावर बसलेलं. तो भाग उतरवायचा म्हणजे काय असतं ते खाऱ्या पाण्यात इंजिन चालवणाऱ्यालाच विचारा. चार बोल्ट सुटले, पाचवा मिठाने धरलेला, तो मान मोडून हातात आला. त्या बोल्टमध्ये माझा अख्खा दुपार ते संध्याकाळ गेला. आत इम्पेलरच्या सगळ्या पाती शाबूत, रबर मऊ. तरी नवा घातला, आणलाच होता म्हणून.

सुरू केलं. हाफ थ्रॉटलला गप्प, फुल दिला की पीईईई.

मग थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम झालं की पाण्याला वाट उघडून देणारी झडप. दोऱ्याला बांधून चहाच्या पातेल्यात सोडला आणि गॅसवर ठेवला. साधारण 50 अंशांना उघडायला हवा, तसा उघडला बिचारा. पातेल्यावरून घरात जे ऐकलं ते इथे लिहीत नाही.

आणि सल्लागार! काठावर उभा राहणारा प्रत्येक जण एकच सांगतो, "वायर तोडून टाक मरे, काय होऊचा नाय." हे सांगणाऱ्याच्याच भावाचं इंजिन मागल्या वर्षी समुद्रात सीझ झालं, पिस्टन सिलिंडरला चिकटून बसला. बझरची वायर? तोडलेली होती!

तिसऱ्या दिवशी वैतागून टेम्परेचर स्विचचीच वायर उपटली. म्हटलं, स्विच खराब असेल तर आता गप्प बसेल. थ्रॉटल दिला, पीईईई! म्हणजे स्विच निर्दोष. तो गरम झाला की ती वायर अर्थ करतो, म्हणजे इंजिनाच्या धातूला जोडतो, आणि बझर वाजतो, एवढंच त्याचं काम. आता स्विचच जोडलेला नाही, तरी वायर कुठेतरी अर्थ होतेय. त्या गुलाबी वायरवरून बोट फिरवत गेलो, तर क्लिपच्या खाली, जिथे दिवसाउजेडी दिसत नाही तिथे, इन्सुलेशन घासून गेलेलं आणि आतली तांब्याची तार हिरवी पडलेली. जोरात पळवलं की इंजिन थरथरतं, तार ब्लॉकला टेकते, आणि बझरला वाटतं आग लागली.

वीस रुपयांची टेप. त्यासाठी एक इम्पेलर, एक मोडका बोल्ट, तीन दिवसांच्या फेऱ्या आणि एक पातेलं.

मेकॅनिकला फोन करून सांगितलं. म्हणाला, "तरी मी म्हटलं होतं, आधी वायरिंग बघा."

कधी? कधी म्हटलं होतंस रे?