बुधवारी रात्री आठ वाजता बांगडा

'नोकरी करणाऱ्यांनी मासे फक्त रविवारीच करावेत' असं सांगणारा एक संदेश ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सारखा फिरतो. कारणं पाच दिलेली असतात: संध्याकाळी वेळ पुरत नाही, डब्याला वास येतो, फ्रीजमधली मासळी बाधते, दह्यासोबत खाल्ली की कोड येतं, आणि पावसाळ्यात मासे मिळतच नाहीत. मटण-चिकन सोडून फक्त मासे ठेवलेल्या घरांनी हे ऐकलं, तर सहा दिवस डाळ आणि पनीरच उरतं. म्हणून एकेक कारण तपासून घेऊ.

वेळ पुरत नाही. वेळ खातं ते साफ करणं आणि वाटण. साफ करण्याचं काम बाजारातच उरकतं. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात घ्या नाहीतर नवी मुंबईतल्या दिवाळे गावात, बांगड्याचं पोट काढून, चिरा देऊन द्यायला मावशींना सांगायचं. घरी आल्यावर चार बांगड्यांना एक चमचा मीठ, अर्धा चमचा हळद, दोन चमचे तिखट, एक चमचा आलं-लसूण आणि दोन चमचे कोकमाचं आगळ लावा. दहा मिनिटं पुरेत. आंबटात तासभर ठेवलेला मासा भुसभुशीत होतो, आणि मग तव्यावर तुटला की दोष तव्याला जातो. तीन भाग बारीक रवा आणि एक भाग तांदळाचं पीठ एकत्र करून मासा त्यात घोळवा. तेल चांगलं तापलं की मध्यम आचेवर एका बाजूने चार मिनिटं, तोवर हात लावायचा नाही. रवा सुटतो तो तीन कारणांनी: मिठाने सुटलेलं पाणी निथळलेलं नसतं, तेल थंड असतं किंवा उलटायची घाई होते. सुरमईच्या बोटभर जाडीच्या तुकडीला दर बाजूला तीन मिनिटं लागतात. मांदेलीला सगळी मिळून तीन-चार.

कालवण हवं असेल तर तिखलं करा, त्याला वाटणच लागत नाही. दोन चमचे तेलात ठेचलेला लसूण, तिखट-हळद, सहा-सात ठेचलेली तिरफळं, चार आमसुलं, एक वाटी पाणी. उकळी आली की मगच मासा सोडायचा. झाकण ठेवून सहा मिनिटं, आणि डाव न घालता भांडंच हलवायचं. नारळाचं कालवणच हवं असलं तर रविवारी एका नारळाचं खोबरं, आठ भिजवलेल्या बेडगी मिरच्या, एक मोठा चमचा धणे आणि आठ लसूण पाकळ्या वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. दोन आठवडे चांगलं टिकतं. पुढे खोबऱ्याला खवट वास यायला लागतो.

डब्याला वास येतो. हे अर्धं खरं आहे. समुद्री मासा मेल्यावर जिवाणू त्याच्यातल्या एका घटकापासून ट्रायमिथिलअमाइन बनवतात, तोच तो वास. आंबट पदार्थ हे अमाइन बांधून ठेवतात, म्हणून कोकम आणि लिंबू नुसत्या चवीसाठी नसतात. पण बांगडा, तारली यांसारखे तेलकट मासे मायक्रोवेव्हमध्ये गरम केले की वास पसरणारच. ते रात्रीच्या जेवणात ठेवा. डब्यात कोळंबी, रावस किंवा सुरमई न्या. तळलेली सुरमई काटा काढून कांदा-लिंबासोबत पोळीत गुंडाळली की ती गरम करावीच लागत नाही. कोळंबी भात करताना कोळंबी आधी दोन-तीन मिनिटं परतून बाजूला काढा आणि भात शिजल्यावर वरून घाला. भाताबरोबर शिजवली की रबरासारखी होते. सुकट मात्र ऑफिसच्या डब्यात नकोच, शेजारच्या टेबलावरच्या माणसाचाही विचार करावा.

आणखी एक अडचण संदेश लिहिणाऱ्याच्या लक्षातच आलेली नाही. बऱ्याच घरांत सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार पाळतात. बुधवारी रात्री उरलेलं कालवण गुरुवारच्या डब्यात चालत नाही. म्हणून मासळी बेतानेच घ्या, आणि डब्याची कोळंबी सोलून गोठवलेली ठेवा. बुधवारी आणि शुक्रवारी डब्यात न्यायची असेल तर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवली की झालं. कोमट पाण्यात घाईने सोडवू नका.

फ्रीजमधली मासळी बाधते. थंडाव्याने बाधत नाही, उकाड्याने बाधते. बांगडा, सुरमई, कुपा (ट्यूना) हे मासे गरम हवेत पडून राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवूनही जात नाही. तोंड लाल होणं, अंगावर गांधी उठणं, डोकं दुखणं हा त्याचा त्रास, आणि लोक त्याला ॲलर्जी समजतात. म्हणून मासळी बाजारातून बर्फासकट आणावी. कच्ची मासळी 4 अंशांच्या आसपास फ्रीजमध्ये एक-दोन दिवस आणि शिजवलेली तीन दिवस चालते. खरा धोका डब्याचा आहे. साडेसातला भरून एक वाजता उघडलेला डबा ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीतून साडेपाच तास कोमट राहतो, आणि जिवाणूंना तेच हवं असतं. रात्री गार करून फ्रीजमध्ये ठेवलेला डबा सकाळी तसाच उचला, बर्फाच्या पाकिटासह जाड पिशवीत घाला, ऑफिसात पोचल्या पोचल्या फ्रीजमध्ये ठेवा. त्यात गरम भात मिसळायचा नाही. ऑफिसात फ्रीज नसेल तर त्या दिवशी मासे नेऊ नका, तिथे संदेशवाल्याचंच बरोबर आहे.

दह्यासोबत कोड येतं. येत नाही. कोडात शरीराचीच प्रतिकारशक्ती त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट करते, त्याचा ताटातल्या जोडीशी संबंध नाही. बंगाली घरांत मासा दह्यातच शिजवतात.

पावसाळ्यात मिळत नाहीत. यांत्रिक बोटींना 1 जून ते 31 जुलै बंदी असते. तो माशांचा विणीचा काळ, बंदी पाळायलाच हवी. पण बिनयांत्रिक होड्यांची मासळी, खाडीतल्या चिंबोऱ्या, शेततळ्यातली कोळंबी आणि गोड्या पाण्याचे रोहू-कटला मिळत राहतात. शिवाय एप्रिल-मेमध्ये सोडे (सोलून सुकवलेली कोळंबी), सुके बोंबील आणि जवळा भरून ठेवायचा तो याच दिवसांसाठी. वाटीभर सोडे पंधरा मिनिटं कोमट पाण्यात भिजवून पिळून घ्या. दोन कांदे तेलात लाल करा, मसाला आणि सोडे परता, मग चार वांग्यांच्या फोडी आणि दोन आमसुलं घाला. वांगं मऊ झालं की झालं, वीस मिनिटांत. मीठ शेवटी चाखून घाला, कारण सोड्यांत ते आधीच असतं.