आयआर-८ ठेंगणा, रोगट भातही ठेंगणा: मग फरक काय?

तुमचा आक्षेप वाचून आधी जरा ओशाळले. भात खुजा करणाऱ्या रोगावरच्या लेखात मी लिहिलं होतं, ‘विषाणू जिबरेलिन तोडतो, भात खुरटतो, पीक हातचं जातं.’ (जिबरेलिन म्हणजे रोपाची उंची वाढवणारं संप्रेरक.) तुम्ही विचारलंत, आयआर-८ हा भरघोस पिकणारा भाताचा वाणसुद्धा जिबरेलिन कमी म्हणूनच ठेंगणा ना? त्यानं तर कोठारं भरली! वर टोमणा: ‘एवढं कळलंय तर जिबरेलिन फवारा की.’

पहिला मुद्दा बिनतोड. माझं वाक्य ढिसाळच होतं. १९६६ साली फिलिपिन्समधून आलेल्या आयआर-८ मध्ये जिबरेलिन बनवणारं एक एन्झाइम निकामी आहे, पण ते जिबरेलिन टप्प्याटप्प्यानं बनवणाऱ्या साखळीच्या शेवटाकडचं, आणि त्याचा एक भाऊ, म्हणजे तेच काम करणारं दुसरं एन्झाइम, फुलोऱ्यात शाबूत असतो. त्यामुळे काड आखूड राहतं, युरिया टाकला तरी लोळत नाही, आणि लोंबी नीट भरते. विषाणूला एवढी निवड कुठली! जपान-चीनमध्ये भात खुजा करणाऱ्या विषाणूचं पी-२ हे प्रथिन साखळीच्या सुरुवातीलाच, एंट-कॉरीन ऑक्सिडेज या एन्झाइमला, जाऊन चिकटतं. हा विषाणू लागलेलं रोप आणि आयआर-८ यांची गल्लत होणं अवघड. पानं आखूड, गडद हिरवी, शिरांच्या कडेनं बारीक पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा. फुटवे मोप, लोंब्या जेमतेम.

आता फवारणी. प्रयोगात रोगट रोपांना जिबरेलिन दिल्यावर वाढ सुधारली, हे खरं. पण उंची भरून आली म्हणजे विषाणू गेला असं नाही, आणि खरी गोम पुढेच आहे. भातात एसएलआर-१ नावाचं प्रथिन वाढ रोखून धरतं. जिबरेलिन आलं की ते मोडीत निघतं. हेच प्रथिन जॅझ प्रथिनांनाही अडकवून ठेवतं, आणि जॅझ मोकळी सुटली की जॅस्मोनिक आम्लाचा, म्हणजे रोपाचा बचाव जागवणाऱ्या संप्रेरकाचा, निरोप दाबून टाकतात. थोडक्यात, वाढ अडवणारा आणि राखण करणारा गडी एकच. जिबरेलिन फवारून तुम्ही त्यालाच घरी पाठवणार! काही विषाणूंची प्रथिनं नेमकं हेच करतात, एसएलआर-१ मोडायला लावतात. २०२२ च्या खरिपात पंजाब-हरियाणात रोपं खुंटवणारा, पांढऱ्या पाठीच्या तुडतुड्यांमार्फत पसरणारा विषाणूही त्यातलाच. (तरी रोप खुजंच राहतं, कारण वाढीची दोरी एकट्या जिबरेलिनच्या हातात नसते.)

मग जॅस्मोनिक आम्लच फवारू, असं म्हणाल. त्यानं बचाव जागा होतो, पण वाढ आखडते. रोग आलाच नाही तर तो तोटा निव्वळ आपला.

लेखात ‘जिबरेलिन तोडतो’ काढून ‘जिबरेलिनची साखळी सुरुवातीलाच अडवतो’ असं केलंय. आयआर-८ चा परिच्छेदही जोडलाय, तेवढा एकदा नजरेखालून घाला.