अठरा इंची चाकं आणि स्पोर्टी गाडीचा हट्ट

गेले तीन महिने आमच्या घरात एकच विषय चालूय, कुठली गाडी घ्यायची. म्हणजे प्रकार ठरलाय, छोटी प्रीमियम क्रॉसओव्हर (हॅचबॅकपेक्षा उंच, एसयूव्हीसारखी दिसणारी गाडी), जरा स्पोर्टी, फिरणार जवळजवळ सगळी शहरातच आणि रोज चालवणार मी. इतक्या शोरूम पालथ्या घातल्या, इतके रिव्ह्यू बघितले की आता ओळखीचे लोक मलाच विचारायला लागलेत, म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं. लांबलंय, सांभाळून घ्या.

तर स्पोर्टी म्हणजे काय हेच आपण भलत्या आकड्यावरून ठरवतो असं माझं मत झालंय. शोरूममध्ये पाय ठेवला की पहिला आकडा कानावर पडतो तो शून्य ते शंभरचा, म्हणजे उभी गाडी ताशी शंभरचा स्पीड किती सेकंदांत गाठते तो. (आणि तो सांगतात नवऱ्याला. गाडी मी घेतेय, चालवणार मी, प्रश्न मी विचारला, उत्तर त्याच्याकडे बघून. असो.) आता मर्सिडीजची जीएलए ४५ एस घ्या, दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन आणि ताकद ४२१ हॉर्सपॉवर, करणाऱ्यांना हात जोडावेत असं काम आहे ते. पण सिग्नल सुटल्यावर मला पुढच्या सिग्नलपर्यंत मिळतात दोन-तीनशे मीटर, त्यात मधे कुणीतरी आडवी घालणारच, तिथे ४२१ काय आणि १५० काय, दोघीही शेवटी त्याच बसच्या मागे उभ्या. शहरात कामाचा आकडा शून्य ते तीस-चाळीसचा, आणि तो ब्रोशरमध्ये कुणी छापत नाही. पाय दाबल्यावर गाडी लगेच हलते, की अर्धा सेकंद विचार करून मग दचकल्यासारखी पळते, एवढंच बघायचं.

इथे इंजिनपेक्षा गिअरबॉक्स जास्त बोलतो. या सेगमेंटमध्ये बऱ्याच गाड्यांना ड्युअल क्लच (दोन क्लचवाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आहे, तो मोकळ्या रस्त्यावर झकास, गिअर कधी बदलला कळत पण नाही. पण ट्रॅफिकमध्ये रांगताना मॅन्युअल गाडीत आपण हाफ क्लचवर गाडी रेटतो ना, तेच काम तिथे कॉम्प्युटर करत असतो, क्लच थोडा घसरतोय, पकडतोय, परत घसरतोय, आणि त्यात बारीक हिसके बसतात, क्लच तापतो तो वेगळाच. तेलात बुडालेला वेट क्लच असेल तर तो हे जास्त सहन करतो, म्हणून वेट की ड्राय हे विचाराच. टॉर्क कन्व्हर्टरवाला (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा) ऑटोमॅटिक रांगण्यात जास्त सुरळीत. लेक्सस यूएक्सच्या हायब्रिडमध्ये तर सुरुवातीला बऱ्याचदा इलेक्ट्रिक मोटरच गाडी हलवते, त्यामुळे हिसका हा विषयच नाही, फक्त जोरात दाबलं की इंजिन ओरडतं आणि स्पोर्टीपणाची हवा तिथेच जाते. इलेक्ट्रिक घेणार असाल तर हा सगळा परिच्छेद सोडून द्या, मोटरला टॉर्क (चाक फिरवणारा जोर) पहिल्या क्षणापासून मिळतो, शहरापुरतं बोलायचं तर खरी स्पोर्टी गाडी तीच.

आता चाकं. यावर मी भांडायला तयार आहे.

मागच्या गाडीला मी हट्टाने मोठे अलॉय घेतले होते, दिसायचे भारी, पार्किंगमध्ये मागे वळून बघायचे मी. आठव्या महिन्यात एका खड्ड्यात असा दणका बसला की टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला आणि रिमची कडा वाकली. टायरवाल्याने कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, ताई, याला रबर आहेच कुठे, रस्ता डायरेक्ट रिमवर येतोय. त्या दिवशी मी पहिल्यांदा टायरवरचे आकडे नीट वाचले. २२५/५५ आर १८ म्हणजे टायर २२५ मिलिमीटर रुंद आणि कडेची उंची त्याच्या ५५ टक्के, म्हणजे साधारण १२४ मिलिमीटर, आणि आर १८ म्हणजे आतली रिम अठरा इंची. तीच गाडी २४५/४० आर २० वर घेतली की कड उरते ९८. गंमत म्हणजे बाहेरून दोन्ही चाकं सारखीच उंच, ७०४-७०५ मिलिमीटरच्या आसपास, फक्त रबराची जागा धातूने खाल्लेली. अडीच सेंटीमीटरची ही गादी गेली की प्रत्येक स्पीडब्रेकर कमरेला कळतो. वर रनफ्लॅट टायर असतील तर कड आणखी ताठ, पंक्चर झाल्यावर ८० च्या स्पीडने साधारण ८० किलोमीटर जाता येतं ही सोय खरी, पण तिची किंमत रोज सकाळी मोजायची. तर माझं ऐकाल तर अठराच्या वर जाऊ नका, आणि जे पैसे वाचतील ते अ‍ॅडॅप्टिव्ह सस्पेन्शनचा (रस्त्याप्रमाणे मऊ-कडक होणाऱ्या सस्पेन्शनचा) ऑप्शन असेल तर त्यात घाला.

स्पोर्ट मोडचं पण तेच. शहरात पूर्ण स्पोर्ट लावला की गिअर खालचाच धरून ठेवतो, अ‍ॅक्सिलरेटर नाजूक होतो आणि मागे बसलेले माना डोलवत येतात. बऱ्याच गाड्यांत वेगवेगळं सेट करता येतं, मी स्टिअरिंग स्पोर्टवर ठेवते आणि बाकी सगळं कम्फर्टवर. वळणाची मजा मिळते, शिव्या मिळत नाहीत.

वळणावरून आठवलं, टर्निंग सर्कल कुणी विचारतच नाही! लांबी सगळेच विचारतात, पण या सगळ्या साडेचार मीटरच्या आत-बाहेर आहेत, जीएलए ४४१० मिलिमीटर, व्हॉल्वो एक्ससी४० ४४२५, बीएमडब्ल्यूची आत्ताची एक्स१ बरोब्बर ४५००. फरक वळताना कळतो. एक्ससी४० ला पूर्ण वळायला ११.४ मीटर लागतात, यूएक्सला १०.४. एक मीटर म्हणजे यू-टर्न एका दमात, नाहीतर मधेच थांबून रिव्हर्स आणि मागे हॉर्नची आरती. आणि रुंदी विचारा ती आरशांसकट, ब्रोशरमध्ये बहुतेक वेळा आरसे सोडून लिहितात.

घरच्यांचा मुद्दा, क्रॉसओव्हरच कशाला, हॅचबॅक घे, तीच जास्त स्पोर्टी. तत्त्वतः बरोबर आहे, जड आणि उंच गाडी वळणात हॅचबॅकइतकी चपळ नसतेच. पण आईचे गुडघे. सेडानमधून ती बाहेर येते ते विहिरीतून वर आल्यासारखी, एक हात दाराला, एक माझ्या खांद्याला. सीट कमरेच्या उंचीला असली की ती नुसती सरकून आत बसते. २०१३ ची पहिली जीएलए खरं तर फुगवलेली हॅचबॅकच होती, दुसऱ्या पिढीत तिची उंची १० सेंटीमीटरच्या वर वाढवली आणि लांबी उलट किंचित कमी झाली. कंपन्यांनाही गुडघे कळतात. बीएमडब्ल्यूने २०१५ च्या एक्स१ मध्ये रिअर व्हील ड्राइव्हचा जुना साचा सोडून इंजिन आडवं बसवलं, बेस गाड्या फ्रंट व्हील ड्राइव्ह केल्या, तेव्हा चाहते फार हळहळले, पण आत पाय पसरायला जागा मिळाली ती त्यामुळेच. चाळीसच्या स्पीडला पुढची चाकं ओढतायत की मागची ढकलतायत हे मला तरी कळत नाही. कळतं असं म्हणणारे नवऱ्याच्या ऑफिसात आहेत.

मागून उतरत्या छपराच्या कूपेसारख्या गाड्या मला फोटोत जाम आवडतात. प्रत्यक्षात मागची काच म्हणजे पत्रपेटीची फट, कॅमेऱ्यावरच विसंबायचं. आणि स्क्रीन! व्हॉल्वोच्या ईएक्स३० मध्ये ड्रायव्हरसमोर मीटरच नाही, स्पीडसुद्धा मधल्या १२.३ इंची स्क्रीनवर. दिसायला एकदम स्वच्छ, पण गर्दीत एसी कमी करायला मला गोल नॉब हवा, न बघता फिरवता येणारा. युरो एनकॅपने (गाड्यांच्या सुरक्षेला मार्क देणारी युरोपातली संस्था) २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांसारख्या गोष्टींना खरी बटणं असण्याला मार्कांत महत्त्व दिलंय, म्हणजे हे रडगाणं माझं एकटीचं नाही.

सध्या यादीत दोन उरल्यात, नावं सांगत नाही, नाहीतर उद्या फोन सुरू होतील. एक चालवायला गोड पण अठरा इंचवाली लवकर मिळत नाही, दुसरी लगेच मिळतेय पण वळायला आळशी. शनिवारी परत टेस्ट ड्राइव्ह आहे, यावेळी आईला मागे बसवून. गेल्या वेळी शोरूमवाल्यांनी गुळगुळीत मोठ्या रस्त्यावरून एक चक्कर मारून आणलं होतं, तिथे बैलगाडी पण छान चालली असती. म्हणून फोनवरच सांगितलं, रस्ता मी ठरवणार, आमच्या रोजच्या गल्लीतून आणि बेसमेंटच्या रॅम्पवरून. सेल्समन म्हणाला, मॅडम, तिकडे रस्ता फार खराब आहे हो. म्हटलं, म्हणूनच.