सही खरी आहे, मजकुराचे आपण पाहून घ्या

बँकॉकमध्ये आपल्याला अपत्यप्राप्ती झाली असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. आणि लगेच दुसरी सूचना अशी, की पहिले काही महिने केवळ बाळाकडे पाहण्यात वाया घालवू नयेत. थायलंडच्या कायद्याप्रमाणे जन्माची वर्दी १५ दिवसांत द्यावी लागते, आणि आईवडील भारतीय असतील तर नागरिकत्वासाठी तोच जन्म एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात नोंदवावा लागतो. या दोन मुदतींच्या मधला काळ परमेश्वराने थाई कागदाचे इंग्रजी भाषांतर आणि त्याचे प्रमाणीकरण यांसाठीच राखून ठेवला आहे, असे धरून चालावे.

कागद हाती पडल्यावर मराठी माणसाला जो आनंद होतो, तो त्याने मनातच ठेवावा. जन्मदाखल्याला थाई भाषेत ‘सूतिबत’ म्हणतात आणि या शब्दाच्या पोटात आपलेच सूतिपत्र दडलेले असते. मृत्यूच्या दाखल्याला ‘मोरनबत’, म्हणजे मरणपत्र, आणि विवाहाला ‘सोमरोत’, म्हणजे समरस म्हणतात. परराष्ट्र मंत्रालयाच्या ज्या खात्यापुढे प्रमाणीकरणासाठी आपल्याला हात जोडायचे आहेत, त्याच्या कामाचे नावच मुळी ‘नितिकॉन’, अर्थात नीतिकरण, असे आहे. इतकी माहेरची माणसे भेटल्यावर भाषांतरकाराला पैसे कशाला मोजायचे, असा विचार आपल्या मनात येईल, आणि तो अवश्य अमलात आणावा. भाषांतर स्वतः करायला तेथे आडकाठी नाही आणि नेहमीच्या कागदांचे नमुनेही खात्याकडून मिळतात. मरणपत्राला मृत्युपत्र समजून दाखल्यात इस्टेटीची वाटणी शोधत बसू नये, एवढे पथ्य मात्र पाळावे.

नावांच्या बाबतीत उदार असावे. समजा, आपले नाव कपिल आहे. थाई उच्चारात शब्दाच्या शेवटच्या ‘ल’चा ‘न’ होतो, त्यामुळे रुग्णालयापासून तालुक्याच्या कचेरीपर्यंत थाई लिपीतून फिरून आलेला कपिल भाषांतरकाराने उच्चाराच्या नियमाप्रमाणे पुन्हा इंग्रजीत उतरवला, की ‘कपिन’ होऊन बाहेर पडतो. विमानतळाच्या पाटीवर रोमन लिपीत सुवर्णभूमी लिहायचे आणि तोंडाने सुवन्नफूम म्हणायचे, हे एका देशाला परवडते. दाखल्यावरच्या बापाला परवडत नाही. म्हणून भाषांतरकाराला पासपोर्टची प्रत मुळीच दाखवू नये. ती दाखवली तर स्पेलिंग पहिल्याच फेरीत जुळते आणि त्या खात्याचा चेंग वत्थना रस्ता दुसऱ्यांदा पाहण्याची संधी हुकते.

आपली पत्नी थाई असेल, तर काम अधिक रंगते. थायलंडमध्ये ज्योतिषाच्या सल्ल्याने नाव बदलणे ही फार मोठी गोष्ट नाही; कचेरीत जाऊन रीतसर नोंद करता येते. प्रत्येक बदलाचा वेगळा दाखला असतो, आणि जुन्या नावाची व नव्या नावाची बाई एकच आहे हे परदेशात पटवायचे असेल, तर प्रत्येक दाखल्याचे भाषांतर होऊन त्यावर शिक्का बसावा लागतो. तेव्हा तिचे नशीब किती वेळा उजळले, याची चौकशी लग्नाआधी करणे असभ्य वाटले तरी किफायतशीर आहे.

तारखांचे गणित सोपे आहे, असे सर्वजण सांगतात. थाई कागदांवरच्या बौद्ध शकातून ५४३ वजा केले की इसवी सन मिळतो. २५६७ म्हणजे २०२४. आपणही तसेच करावे आणि पत्नीच्या आजीचा दाखला पुढे ओढावा. आजी २४८० च्या फेब्रुवारीत जन्मल्या असतील, तर वजाबाकी १९३७ सांगते आणि आजी खरोखर १९३८ मध्ये जन्मलेल्या असतात, कारण त्या काळी थाई वर्ष एप्रिलच्या १ तारखेला सुरू होत असे. पुढे १९४१ पासून नववर्ष जानेवारीत आणले गेले, आणि त्यासाठी २४८३ हे वर्ष नऊ महिन्यांतच गुंडाळण्यात आले. त्या वर्षाला जानेवारी, फेब्रुवारी, मार्च नाहीतच. शके १९४६ चा माघ २०२४ मध्ये नव्हे तर २०२५ मध्ये येतो हे ज्यांना पंचांगामुळे पाठ आहे, त्यांनी तरी येथे चुकू नये अशी अपेक्षा असते. ती पूर्ण करण्याची घाई नाही. त्यातच थाई अंकांतले ४ आणि ५ हे जुळे भाऊ आहेत, आणि जुन्या दाखल्यावर ते हाताने लिहिलेले असतात.

आता मुख्य तीर्थयात्रा. बँकॉकच्या उत्तरेला लाक सी भागात, चेंग वत्थना रस्त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा वाणिज्यदूत विभाग आहे. त्याच रस्त्यावर सरकारी कचेऱ्यांचे एक अवाढव्य संकुलही आहे, आणि आपण प्रथम तेथेच जाऊन इमिग्रेशनच्या रांगेत उभे राहावे, हा शिरस्ता आहे. योग्य इमारत सापडल्यावर साध्या सेवेला २०० बाथ आणि तातडीच्या सेवेला ४०० बाथ पडतात. भाषांतर तपासले जाते, चुका दाखवून परत दिले जाते, आणि दुरुस्त होऊन आले की शिक्का बसतो. त्यानंतर ज्या देशात कागद वापरायचा, त्या देशाच्या दूतावासाची पाळी. हेग येथे १९६१ मध्ये झालेल्या करारामुळे सभासद देशांना एकाच अपोस्टिलवर, म्हणजे एकमेकांत चालणाऱ्या एकाच शिक्क्यावर, भागवता येते, आणि भारत त्यात २००५ मध्ये आला. थायलंड वर्षानुवर्षे बाहेर राहिला, त्यामुळे ही साखळी टिकली. ऑस्ट्रेलियाला नाटी या तिथल्या भाषांतरकारांना प्रमाणित करणाऱ्या संस्थेची मान्यता असलेला भाषांतरकार हवा असतो आणि जर्मनीला शपथ घेतलेला, तेव्हा देश बदलण्याचा विचार असल्यास तो शिक्के घेऊन झाल्यावरच करावा.

या शिक्क्यांचा अर्थ आपण विचारू नये, तरी सांगतो. मंत्रालय म्हणते की खालची सही खरी आहे. दूतावास म्हणतो की मंत्रालयाची सही खरी आहे. मूल त्या तारखेला खरोखर जन्मले, याची हमी या मोठ्या शिक्क्यांपैकी कोणीच घेत नाही. ते काम बिचाऱ्या तालुक्याच्या कारकुनाने पहिल्याच दिवशी उरकलेले असते, आणि त्याच्या शब्दावर परदेशात कोणाचा विश्वास नसतो म्हणूनच बाकीचे सगळे त्याच्या सहीवर सह्या करत जातात.

एवढे झाल्यावर ते पुडके घेऊन आपण पुण्याला यावे आणि शाळेच्या कार्यालयात अभिमानाने टेबलावर ठेवावे. तेथील बाई ते उलटसुलट करून पाहतील, दोन देशांच्या शिक्क्यांकडे फारसे लक्ष न देता ते परत करतील, आणि सांगतील की मूळ कागद आम्ही ठेवत नाही, झेरॉक्स काढून आणा, आणि त्यावर ‘स्वसाक्षांकित’ लिहून खाली तुमची सही करा.