‘पैसे टाकले, गाडी आली, विषय संपला’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

वेटिंगच्या गाडीसाठी ॲक्सेसरीजचं पॅकेज गळ्यात घेऊ नका, हवं तर दोन डीलरकडे बुकिंग ठेवा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही मला चांगलंच फैलावर घेतलंत. बाकीच्या वाचकांसाठी तुमचे मुद्दे आधी सांगतो. तुम्ही नाशिकला ४८ हजारांच्या ॲक्सेसरीज घेतल्या आणि वर्षाचं वेटिंग सांगितलेली गाडी महिन्याच्या आत दारात आली, मग यात कुणाचं काय गेलं? वाट बघत बसला असतात तर तेवढ्यात किंमतच ४८ हजारांहून जास्त वाढली असती. दोन ठिकाणी बुकिंग करणं म्हणजे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणं, आणि असल्या रुमालांमुळेच याद्या फुगतात. तक्रार करायचा सल्ला देणं सोपं, निस्तरणं अवघड. आणि शेवटी, तुमच्या वडिलांनी बजाजच्या चेतक स्कूटरसाठी वर्षानुवर्षं वाट पाहिली, ‘तेव्हा असले शहाणे नव्हते हे नशीब’.

रुमालापासून सुरुवात करतो, कारण आपलं खरं वाजतंय ते तिथेच.

रुमाल टाकला की सीट अडते. तुम्ही चढला नाहीत तरी दुसरा तिथे बसायला कचरतो. बुकिंगने गाडी अशी अडत नाही. एकवीस हजार भरून नाव यादीत लागतं, गाडी नावावर होत नाही. कंपनीकडून डीलरला त्या महिन्याच्या गाड्या मिळतात, मग एकेक चासी नंबर (गाडीवर कोरलेला तिचा ओळख क्रमांक) एकेका बुकिंगला लावला जातो, आणि उरलेली रक्कम किंवा बँकेचे पैसे जमा झाल्यावर तुमच्या नावाचं बिल फाटतं. ज्याची दोन बुकिंगं आहेत तो एक गाडी घेतो आणि दुसरं बुकिंग रद्द करतो. तिथली गाडी मागच्याला जाते. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाड्यांमध्ये एकही कमी होत नाही. फुगतो तो आकडा. त्याचा त्रास आहेच, कारण तोच फुगलेला आकडा दाखवून सेल्समन पुढच्याला घाबरवतो. पण त्याने कुणाच्या वाट्याची गाडी जात नाही.

तुमच्या ४८ हजारांनी मात्र ती गेली. महिन्यात आलेली तुमची गाडी काही जास्तीची बनवली नव्हती. तो चासी नंबर कुणाच्या तरी बुकिंगला लागणार होता, तो तुमच्या बुकिंगला लागला. त्या माणसाला ‘कंपनीकडून माल येत नाहीये सर’ एवढंच कळलं असणार. म्हणून ‘यात कुणाचं काय गेलं?’ हा तुमचा प्रश्न मला मान्य नाही.

आता या याद्या खऱ्या किती आणि कागदी किती. ३० जुलै २०२२ ला महिंद्राच्या स्कॉर्पिओ-एनचं बुकिंग सकाळी अकराला उघडलं. पहिल्या मिनिटात २५ हजार आणि अर्ध्या तासात १ लाख बुकिंगं झाली. त्याच्या आदल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांच्याच एक्सयूव्ही७०० ची पहिली २५ हजार बुकिंगं ५७ मिनिटांत झाली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये महिंद्राने स्वतःच सांगितलं की सगळ्या एसयूव्ही मिळून २ लाख ६० हजारांहून जास्त बुकिंगं हातात आहेत. दोन्ही गाड्या चाकणला बनत होत्या, आणि चाकणपासून तासाभरावर राहणारा पुणेकरही तितकाच ताटकळत होता. सेमीकंडक्टर चिपचा तुटवडा तेव्हा खराच होता, ते काही डीलरने रचलेलं नाटक नव्हतं. पण पुढे उत्पादन वाढलं तसे हेच वेटिंग वर्षावरून महिन्या-दोन महिन्यांवर उतरलं. ज्यांनी भीतीपोटी वर पैसे मोजले, त्यांना ते कुणी परत केले नाहीत.

आणखी एक गोष्ट शोरूममध्ये आपणहून कुणी सांगत नाही. यादी एक नसतेच. एक्सयूव्ही७०० पेट्रोलच्या डिलिव्हरी ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीला सुरू झाल्या, डिझेलच्या नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. स्कॉर्पिओ-एनच्या वेळी कंपनीने झेड८एल हे वरचं मॉडेल आधी देणार असं जाहीरच केलं होतं. म्हणजे मॉडेल, इंधन, गिअर आणि रंग यांच्या प्रत्येक जोडीची रांग वेगळी. ‘बारा महिने वेटिंग’ हे उत्तर त्यातल्या सगळ्यात लांब रांगेचं असू शकतं. तुमची रांग कोणती, हे तुम्ही विचारायचं असतं.

किमतीचा तुमचा हिशेब बिनबुडाचा नाही. डिलिव्हरीच्या दिवशी असेल ती किंमत, असं बहुतेक बुकिंग फॉर्मवर छापलेलं असतं आणि वाढ आपल्या बोकांडी बसते. पण तो हिशेब उलटाही फिरतो. २२ सप्टेंबर २०२५ ला गाड्यांवरचा जीएसटी उतरला, छोट्या गाड्यांवर १८ टक्के आणि मोठ्यांवर सेस जाऊन सरसकट ४० टक्के झाला. त्या आधीच्या महिन्यात घाई करून गाडी घेतलेल्यांचे चेहरे आठवा.

आता पॅकेज. माझ्या मेव्हण्याला पुण्यातल्या एका शोरूममध्ये मिळालेलं कोटेशन माझ्यासमोर आहे. एक्स-शोरूम, आरटीओ, इन्शुरन्स, फास्टॅग, एक्स्टेंडेड वॉरंटी, १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ घेतलेला आयकर, दहा लाखांवरच्या गाडीला लागतो, रिटर्न भरताना वळता करून घ्या, पुष्कळजण विसरतात) आणि खाली ‘एसेन्शियल किट’. किटमध्ये मॅट, मडफ्लॅप, डोअर व्हायझर, सीट कव्हर, दरवाज्याखालच्या पट्ट्या, वर अंडरबॉडी कोटिंग. रक्कम आधीच छापलेली. सेल्समनने त्या ओळीभोवती पेनाने गोल केला आणि म्हणाला, ‘हे असेल तर मी वर बोलून बघतो.’ मेव्हण्याने विचारलं, हे ऐच्छिक आहे ना? ‘ऐच्छिकच आहे सर. मग नॉर्मल वेटिंग.’ बोलण्यात कुठे खोट नाही, लेखी काहीच नाही.

डीलर हे का करतो तेही समजून घ्या, म्हणजे उपाय सापडतो. गाडीच्या किमतीत त्याला सुटतं ते थोडंच. खरी कमाई विमा, कर्ज आणि ॲक्सेसरीजवर. शिवाय गाडी आवारात आली की तिच्यावर त्याने घेतलेल्या बँकेच्या पैशांचं व्याज सुरू होतं, त्यामुळे गाडी एक दिवसही नुसती उभी राहिलेली त्याला परवडत नाही. मग नंबर लागलेल्याचं कर्ज मंजूर नसेल, त्याला ‘पांढराच हवा’ असेल किंवा तो ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणाला, तर ती गाडी ज्याचे पैसे तयार त्याच्याकडे जाते. पॅकेज न घेताही पुढे सरकायची जागा इथे आहे, आणि ती सरळ मार्गाची आहे. पुढच्याने नाकारलेली गाडी तुम्ही घेता, त्याच्या हातातली हिसकावत नाही.

तक्रारीबद्दल. एका वाक्याच्या तोंडी अटीवर ग्राहक आयोगात काही सिद्ध करणं कठीण, इथे आपलं जमतं. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘ही वस्तू हवी तर ती दुसरीही घ्यावी लागेल’ अशी अट घालणं ही रिस्ट्रिक्टिव्ह ट्रेड प्रॅक्टिस, म्हणजे ग्राहकाची अडवणूक करणारी व्यापारपद्धत ठरते, आणि ठरल्या मुदतीपलीकडे माल लांबवून किंमत वाढू देणंही त्यातच बसतं. विमा डीलरकडूनच घ्या अशी सक्तीही कुणाला करता येत नाही. त्यामुळे भांडायला जाण्याऐवजी त्याच संध्याकाळी दोन ओळींचा ईमेल करा: ‘आज आपण सांगितलंत की किट घेतल्यास डिलिव्हरी लवकर मिळेल. माझा बुकिंग क्रमांक अमुक. किट बंधनकारक आहे का, ते लेखी कळवावं.’ सीसीमध्ये कंपनीचं कस्टमर केअर. मेव्हण्याने हेच केलं. लेखी उत्तर आलं नाही, दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला आणि किटची ओळ नसलेलं नवं कोटेशन आलं. गाडी लगेच मिळाली असं नाही, पण नंबर मागे ढकलला गेला नाही. फोनही आला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ आहे, त्याला वकील लागत नाही.

चेतकचं मात्र उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूने दिलंत. १९७२ साली आलेली ती स्कूटर आकुर्डीच्या कारखान्यात किती बनवायची यावर सरकारी परवान्याचा लगाम होता. परकीय चलनात पैसे भरू शकणाऱ्याला लवकर मिळायची, म्हणून आखातातला किंवा अमेरिकेतला नातेवाईक शोधला जायचा. नंबर लागलेली नवी स्कूटर वाढीव भावाने हातोहात विकली जायची. तुमच्या वडिलांनी हे सगळं बघूनही वरचे पैसे न देता वाट पाहिली असेल तर त्यांना माझा नमस्कार सांगा. तेव्हाचा वरचा पैसा निदान चोरून घेतला जायचा, आता त्याची जीएसटीसकट पावती मिळते.

धाकट्या भावासाठी तुम्ही घेतलीत तीच गाडी बुक करायची आहे, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. तर आधी त्याला दोन रंग आणि दोन मॉडेल मनात पक्की करायला सांगा आणि बुकिंग फॉर्मवर रद्द केल्यास किती कापणार ते वाचा. कर्जाचं मंजुरीपत्र फार लवकर काढू नका, त्याची मुदत काही महिन्यांचीच असते आणि नेमकी गाडी आली की ती संपलेली असते. मग पितृपंधरवड्याच्या आधी आठवडाभर शोरूमला फोन करून सांगा, पंधरवड्यात डिलिव्हरी घ्यायला आमची हरकत नाही, पैसे तयार आहेत. त्या दिवसांत नंबर लागलेले कितीतरी लोक ‘घटस्थापनेनंतर बघू’ म्हणून गाडी पुढे ढकलतात, आणि ती गाडी व्याज खात आवारात उभी असते. तुमच्या आईंना चालणार असेल तरच, अर्थात. ताब्यात घेण्याआधी फॉर्म २२ वर (गाडीबरोबर येणारं कंपनीचं प्रमाणपत्र) उत्पादनाचा महिना-वर्ष बघायला आणि त्यावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून घ्यायला त्याला सांगा.